बोंबल्या: तीन वर्षं वापरलेल्या चार गॅसच्या मीटरबद्दल

आमच्याकडे त्याला गॅस डिटेक्टर कुणीच म्हणत नाही. बिलावर 'पोर्टेबल मल्टिगॅस डिटेक्टर, चार वायू, पंपासह' आहे, भांडाराच्या रजिस्टरात 'वायुमापक यंत्र' आहे आणि ड्रेनेजच्या चेंबरवरच्या माणसांमध्ये तो 'बोंबल्या' आहे. नाव पहिल्याच आठवड्यात पडलं. एका गल्लीत चेंबरचं झाकण उचललं आणि तो असा काही बोंबलला, की समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या.

मी एका महापालिकेत सुरक्षा अधिकारी आहे. महापालिकेत असं पद असतं हे आमच्याच निम्म्या अधिकाऱ्यांना माझी फाइल टेबलावर आल्यावर कळतं. त्याआधी नऊ वर्षं एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात होते. तिथे सगळं गेटच्या आत होतं. माणसं मोजलेली, टाक्या मोजलेल्या, कुठल्या टाकीत काय आहे ते टाकीवर लिहिलेलं. इथे कामाची जागा म्हणजे सगळं शहर, आणि कुठल्या चेंबरखाली काय आहे ते मुकादमाच्या डोक्यात.

गेल्या महिन्यात दोन नगरपरिषदांमधून फोन आले: मॅडम, तुम्ही मीटर घेतलेत ना, कसे आहेत, कुठले घेऊ? दोन्ही वेळा पाऊण तास बोलले. तेच इथे लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. एक तर या किमतीतले मीटर आतून बरेचसे सारखे असतात, आणि दुसरं म्हणजे पुढे जी रड सांगणार आहे त्यात कंपनीचा वाटा थोडा आणि आमचा मोठा आहे.

आधी यंत्र. हाताच्या पंजाएवढं, पिवळं, पाव किलोच्या आसपास. चार गोष्टी मोजतं: ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि जळणारा वायू, म्हणजे आमच्याकडे मुख्यतः मिथेन. उघड्या हवेत ऑक्सिजनच्या खाली २०.९ दिसलं पाहिजे आणि बाकी तिन्ही घरांत शून्य. ऑक्सिजन १९.५ च्या खाली गेला की ओरडतं, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) ओरडतं, मिथेन पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या दहा टक्क्यांवर पोचला की ओरडतं. सोबत पंप आणि लांब नळी, त्यामुळे मीटर आपल्या हातात आणि नळीचं टोक चेंबरमध्ये. नळीशिवायचा मीटर स्वस्त पडतो. तो घेऊ नका. तो खिशाला लावून आत उतरायचा असतो, आणि आपल्याला कळायचं असतं ते उतरायच्या आधी.

आवाजाला पैकीच्या पैकी. भर बाजारात, जेटिंग मशीन (पाण्याच्या जोराने गटार मोकळं करणारं) चालू असताना ऐकू येतो. सोबत थरथरतो आणि लाल दिवा मारतो. बटणं मोठी आहेत, रबरी हातमोजे घालून दाबता येतात. बॅटरी एका पाळीला आरामात पुरते. पडझड सोसतो, आमचा तीन नंबरचा मीटर सक्शन गाडीच्या टपावरून पडलाय आणि अजून चालू आहे. क्लिप मात्र अगदीच तकलादू. सहापैकी चारांच्या क्लिपा पहिल्या पावसाळ्यातच गेल्या, आता ते चपलेच्या दुकानातून शिवून घेतलेल्या चामड्याच्या पट्ट्यांवर लटकतात आणि ते जास्त बरं आहे.

पडद्यावरची अक्षरं सगळी इंग्रजी. मला वाटलं होतं ही मोठी अडचण होईल. झाली नाही. माणसांनी चार घरांची जागा लक्षात ठेवली: वर डावीकडे 'हवा' (ऑक्सिजन), वर उजवीकडे 'भडका' (जळणारा वायू), खाली डावीकडे 'धूर' (कार्बन मोनॉक्साइड), खाली उजवीकडे 'सडका' (हायड्रोजन सल्फाइड). आता मीही तसंच बोलते. मागच्या वर्षी शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणाला गेले होते, तिथे बोलता बोलता 'सडका बारा आला' म्हणून गेले आणि शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले.

नळीचं एक सांगते. टोक पाण्यात बुडालं की पंप पाणी ओढतो. आत फिल्टर आहे तो पाणी अडवतो, यंत्र वाचतं, पण पंप बंद पडून मीटर बोंबलत राहतो आणि फिल्टर बदलावा लागतो. फिल्टर किरकोळ किमतीचा, पण टेंडरमध्ये नव्हता, म्हणून मिळायला अडीच महिने लागले. तोवर आमच्या एका बिगाऱ्याने पाण्याच्या रिकाम्या बाटलीला नळीचं टोक असं बांधलं, की बाटली तरंगते आणि टोक चार बोटं वर राहतं. मग समजलं की तरंगता प्रोब नावाची वस्तू बाजारात विकत मिळते. आम्ही बाटलीच ठेवली.

आता ज्यांना वाटतं की अनुभवी माणसाला यंत्र कशाला, त्यांच्यासाठी.

आमचे मुकादम, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, सत्तावीस वर्षं ड्रेनेजमध्ये आहेत. मीटर दाखवला त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आत झुरळं बघायची नाहीत का मग?" झाकण उघडलं की भिंतीवर झुरळं पळताना दिसतात. पळत असली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. एकही नसलं तर थांबायचं. ही त्यांची विद्या. मी हसले नाही, कारण याच विद्येवर ते इतकी वर्षं टिकले आहेत. पण झुरळाला माणसापेक्षा कितीतरी कमी ऑक्सिजन पुरतो. दुसरी पद्धत पेटती काडी किंवा पेटता कागद आत टाकून बघायची. मिथेन असेल तर काय होईल ते सांगायला नको.

आणि तिसरी पद्धत नाक. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. प्रमाण वाढलं की वास येणं बंद होतं हे फार थोड्यांना माहीत असतं. १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होतं. माणसाला वाटतं वास गेला, हवा सुटली. खरं तर नाक गेलेलं असतं. हा वायू हवेपेक्षा जड, तळाला बसतो. मिथेन हलका, वर चढतो. म्हणून नळी तीन ठिकाणी धरायची: तोंडाशी, मध्यावर, तळाशी, आणि प्रत्येक ठिकाणी थांबायचं. हवा नळीतून यायला वेळ लागतो, सेन्सरला वेळ लागतो. आम्ही प्रत्येक पातळीला दोन मिनिटं ठरवली आहेत. दोन मिनिटं ही चेंबरवर उभ्या असलेल्या माणसाला फार वाटतात. मागे रिक्षा हॉर्न मारत असते.

खरेदीची गोष्ट आता, आणि इथे थोडी सविस्तर बोलणार आहे, कारण पैसे इथेच जातात.

मी प्रस्ताव जूनमध्ये टाकला. सहा मीटर, एक कॅलिब्रेशन किट. वित्त विभागाने विचारलं, पूर्वी नव्हते तेव्हा काम चालत नव्हतं का? त्यावर मी टिपणीला एक परिच्छेद जोडला: २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं कलम सात, आणि सर्वोच्च न्यायालयाचा २७ मार्च २०१४ चा निकाल, गटारात मृत्यू झाला तर वारसांना दहा लाख. (२० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ते तीस लाख झाले. माझ्या टिपणीच्या मसुद्यात मी त्याच दिवशी आकडा बदलून ठेवला.) मीटर एकेक चाळीस-पन्नास हजारांच्या घरातला. गणित कुणालाही येतं. तरी फाइल फिरत फिरत फेब्रुवारीत मंजूर झाली आणि माल आला ३० मार्चला. मार्चएंड. सरकारी खात्यात काम केलेल्यांना यापुढचं सांगावं लागणार नाही, बाकीच्यांसाठी सांगते. निधी परत जाऊ नये म्हणून माल घाईघाईने आत आला आणि तपासणी समिती बसेपर्यंत भांडारात खोक्यात पडून राहिला. समितीतले एक सदस्य निवडणुकीच्या कामावर, एक रजेवर. मीटर माझ्या हातात पडले नोव्हेंबरात.

टेबल-खुर्ची आठ महिने खोक्यात राहिली तर काय बिघडतं? काही नाही. मीटर आठ महिने खोक्यात राहिला तर आठ महिने म्हातारा होतो. आमच्या मॉडेलमधला ऑक्सिजनचा सेन्सर रासायनिक आहे, बॅटरीसारखा. हवा लागते तसा तो झिजतो, बटण दाबलेलं असो वा नसो. आयुष्य साधारण दोन वर्षं, आणि ती दोन वर्षं कारखान्यातल्या तारखेपासून मोजायची. पुरवठादाराने दिलेला माल आधीच पाच महिने जुना होता. म्हणजे पहिल्या चेंबरवर मीटर गेला तेव्हा त्याच्या ऑक्सिजन सेन्सरचं अर्ध्याहून जास्त आयुष्य संपलेलं. वॉरंटीही तशीच संपत आलेली. पुढच्या नोव्हेंबरात सहापैकी पाच मीटर उघड्या मैदानात १९ दाखवून बोंबलायला लागले. माणसं म्हणाली, मॅडम, याला वेड लागलं. वेड त्याला लागलं नव्हतं.

कॅलिब्रेशनचा गॅसही तसाच. छोटा सिलिंडर येतो, त्यात चारही वायू माहीत असलेल्या प्रमाणात मिसळलेले असतात. तो मीटरला लावायचा आणि मीटर बरोबर आकडा दाखवतो का ते बघायचं. रोज सकाळी नुसतं बोंबलतो का एवढं बघणं म्हणजे बम्प टेस्ट, आणि ठरावीक दिवसांनी आकडे जुळवणं म्हणजे कॅलिब्रेशन. सिलिंडरलाही मुदत असते. हा सिलिंडर पुन्हा भरता येत नाही, संपला की फेकायचा. भांडाराने त्याची नोंद केली डेडस्टॉकमध्ये, म्हणजे टेबल-खुर्चीसारख्या टिकाऊ वस्तूंत, कारण नाव सिलिंडर आणि धातूचा. त्यामुळे पहिला संपल्यावर दुसरा मागितला तर उत्तर आलं: जुना सिलिंडर सुस्थितीत असल्याने नव्याची आवश्यकता स्पष्ट करावी. सुस्थितीत होताच तो. रिकामा होता. त्याला 'उपभोग्य वस्तू' ठरवून घ्यायला मला चार महिने आणि तीन पत्रं लागली. त्या चार महिन्यांत आमचे मीटर तपासल्याशिवाय चेंबरवर जात होते. मीटर शून्य दाखवतोय म्हणजे गॅस नाही की सेन्सर मेलाय हे कळायचा कुठलाच मार्ग नव्हता. ते चार महिने मला नीट झोप लागली नाही, हेही या परीक्षणात असू दे.

सेवेबद्दल. पुरवठादाराने वार्षिक देखभालीचा करार केला होता, वर्षाला दोन भेटी. पहिल्या भेटीनंतर सहा मीटरची सहा प्रमाणपत्रं आली, शिक्क्यासह, सुंदर छापलेली. सहाही मीटरचे आकडे दशांश चिन्हापर्यंत एकसारखे. सहा वेगवेगळ्या सेन्सरांना एकाच दिवशी एकसारखा आकडा येणं म्हणजे सहा मुलांना सगळ्या विषयांत सारखेच मार्क पडणं. त्यातला पाच नंबरचा मीटर तर त्या दिवशी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता. फोन केला. म्हणाले, टायपिंगमध्ये चूक झाली असेल. दुसऱ्या भेटीला मी त्या मुलाशेजारी खुर्ची टाकून बसले. बिचारा चांगला होता, काम येत होतं. एका दिवसात तीन गावं करायला सांगितलेली असल्यावर तो तरी काय करणार.

पण दुसऱ्याचं प्रमाणपत्र दाखवताना आमचं रजिस्टरही दाखवायला हवं. मी सुरुवातीला कारखान्यातल्या सवयीने एक तक्ता केला होता, अकरा रकाने. तारीख, वेळ, चेंबर क्रमांक, तीन पातळ्यांवर चारही वायू, बॅटरी, सही, आणि काय काय. पहिल्या महिन्यात अर्धवट भरलेला आला. दुसऱ्या महिन्यात पूर्ण भरलेला, सुबक, एका शाईचा. प्रत्येक ओळ: २०.९, ०, ०, ०. मी खूश. मग लक्षात आलं की त्यात अशा चार दिवसांचे आकडे आहेत ज्या दिवशी तो मीटर दुरुस्तीला गेला होता. यंत्राच्या पोटात नोंदी राहतात, त्या संगणकावर उतरवल्या. महिन्यात मीटर नऊ दिवस चालू झाला होता.

कारणे दाखवा नोटीस तयार केली होती. पाठवली नाही. चेंबरवर जाऊन उभी राहिले. एका हातात हातमोजा, दुसऱ्या हातात नळी, पावसाची भुरभुर, आणि त्यात अकरा रकाने. मीसुद्धा ते कार्यालयात बसूनच भरले असते. आता तक्त्यात तीन रकाने आहेत: सकाळी सिलिंडर लावल्यावर बोंबलला का, आज सगळ्यात जास्त आकडा किती आला, काम थांबवलं का. तिसरा रकाना मी सहज टाकला होता. तोच सगळ्यात कामाचा निघाला. पहिल्या तीन महिन्यांत तिथे सगळीकडे 'नाही'. मग हळूहळू 'होय' यायला लागले. वरच्यांना 'होय' दिसले की काळजी वाटते. मला 'होय' दिसले नाहीत की वाटते.

एक गंमत अशी, जिने आमचे पंधरा-वीस हजार घालवले. दोन नंबरच्या मीटरचा 'भडका' वारंवार मरायचा. सिलिंडर लावला तरी अर्धाच आकडा. सेन्सर बदलला, तीन महिन्यांत पुन्हा तेच. बाकीचे पाच ठीक. हा मीटर राहायचा जेटिंग गाडीच्या केबिनमध्ये, डॅशबोर्डवर. गाडीचा ड्रायव्हर हौशी. गणपती, फुलांची माळ, आणि डॅशबोर्ड असा चकचकीत की चेहरा दिसावा. रोज सकाळी स्प्रे मारून पुसायचा. त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. जळणारा वायू मोजणाऱ्या या जातीच्या सेन्सरला सिलिकॉन म्हणजे विष, त्याची वाफही पुरते. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत बारीक अक्षरांत लिहिलंय. मीटर केबिनमधून काढून टूलबॉक्सच्या वेगळ्या कप्प्यात ठेवला, तेव्हापासून सेन्सर जिवंत आहे. डॅशबोर्ड अजून चकचकीतच. शिवाय हा सेन्सर चालायला हवेत ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फार कमी असेल तर मिथेन भरपूर असूनही आकडा कमी येतो. म्हणून आधी 'हवा' वाचायची, मग 'भडका'. आमच्या माणसांना हे पाठ आहे. अभियंत्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आता ज्या दिवसामुळे या मीटरला मी चार गुण देते तो दिवस.

जुलै, तीन दिवसांचा पाऊस. मैलापाण्याच्या एका पंपिंग स्टेशनवर दोन पंपांपैकी एक बंद पडलेला आणि दुसरा धापा टाकत होता. बंद पंप वर काढायचा तर त्याची साखळी तुटून विहिरीत पडलेली. म्हणजे कुणीतरी उतरून साखळी अडकवायची. इथे कायद्याचं सांगायला हवं. २०१३ च्या नियमांत माणूस आत उतरवायचे मोजकेच अपवाद आहेत, आणि सक्शन वेलच्या, म्हणजे मैलापाणी जमतं त्या विहिरीच्या, तळाचा सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप काढणं हा त्यातला एक. त्यामुळे अभियंता साहेब कागदावर चुकत नव्हते. अंगाला बांधायचा हार्नेस होता, माणसाला दोरीने वर ओढायचा ट्रायपॉड उभा केला होता, आत हवा मारणारा ब्लोअर तासभर चालू होता. मीटरची नळी तिन्ही पातळ्यांवर धरून झाली. २०.८, शून्य, शून्य, शून्य.

साहेब म्हणाले, "झालं ना? उतरा आता. वरून फोन येतायत."

अण्णा म्हणाले, "थांबा साहेब, जरा ढवळू द्या."

लांब बांबू घेतला आणि तळाचा गाळ ढवळला. नळी तशीच आत. हे मी त्यांना शिकवलं होतं की त्यांनी मला, आता आठवत नाही. साचलेल्या मैल्यात वायू मुरलेला असतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा. स्थिर असेपर्यंत वर येत नाही. माणूस उतरला, त्याचा पाय गाळात पडला की येतो. अर्ध्या मिनिटात 'सडका'चा आकडा हलला. बारा. एकतीस. अडुसष्ट. बोंबल्या बोंबलला.

साहेब म्हणाले, "बसेल आता ते खाली."

अण्णांनी गळ्यातला पट्टा काढला आणि मीटर साहेबांच्या हातात दिला. "तुम्हीच धरा साहेब. हा गप्प बसला की सांगा. मी पहिला उतरतो."

तो काही गप्प बसत नव्हता. साहेब मीटर हातात धरून उभे, पावसात, आणि मीटर थरथरतोय. त्यांनी दोन मिनिटांनी तो बाजूच्या कट्ट्यावर ठेवला आणि वर्कशॉपला फोन लावला. मग एका बिगाऱ्याने घरून गळ आणला, विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा, लोखंडी आकड्यांचा. तो लांब पाइपला वेल्डिंग करून वरूनच साखळी ओढली. सोळाव्या की सतराव्या प्रयत्नाला लागली. हायड्रा क्रेन बोलावून पंप वर घेतला. सगळं व्हायला चार तास लागले. तेवढ्या वेळात मैलापाणी नाल्यात गेलं, दोन माजी नगरसेवकांचे फोन आले, एका पेपरात फोटो आला. विहिरीत कुणी उतरलं नाही.

मी नंतर अण्णांना विचारलं, मीटर नसता तर? म्हणाले, "मी म्हणालो असतो वास येतोय. साहेब म्हणाले असते, ड्रेनेजला वास येणारच." एवढंच बोलले आणि चहा घेतला. सत्तावीस वर्षांत त्यांना 'नको' म्हणायला एकही पुरावा हातात नव्हता. झुरळं दाखवून साहेबाला अडवता येत नाही. आकडा दाखवून येतं. हे यंत्र मोजायला घेतलं आणि ते नकार द्यायला उपयोगी पडलं, हे मला खरेदीच्या टिपणीत लिहायचं सुचलं नव्हतं. पुढच्या वेळी लिहीन.

उतरलेला माणूस पडला की वरचा दुसरा धाव घेतो, मग तिसरा. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८६ सालीच लिहून ठेवलंय की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंपैकी साठ टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेल्यांचे असतात. प्रशिक्षणात मी बाकी आकडे सांगत नाही, हा एक सांगते. मग विचारते, तुझा भाऊ आत पडलाय, तू काय करशील? पहिल्या बॅचमध्ये सगळ्यांचं उत्तर एकच होतं: उडी मारीन. आता म्हणतात, ट्रायपॉडचं हँडल फिरवीन. वेळ आल्यावर काय करतील ते माझ्या हातात नाही, म्हणून उतरणाऱ्याच्या अंगावर दोरी लागल्याशिवाय उतरू द्यायचं नाही एवढं मी बघते.

जिथे हे सगळं अजून थिटं पडतं तेही लिहिते. आमच्या खात्याच्या माणसांकडे मीटर आहे. ठेकेदाराच्या माणसांकडे नाही. सोसायटीने परस्पर बोलावलेल्या सेप्टिक टँकवाल्याकडे तर काहीच नाही, बादली आणि दोर. ठेक्याच्या अटींमध्ये 'सर्व सुरक्षा साधने ठेकेदार पुरवील' अशी एक ओळ असते. त्या ओळीवर आजवर किती सह्या झाल्या असतील देव जाणे. आम्ही दीड वर्षापूर्वी वॉर्ड ऑफिसात एक मीटर ठेवला, ठेकेदाराने सही करून न्यायचा, संध्याकाळी परत. भाडं शून्य. पहिल्या सहा महिन्यांत तो मीटर चारदा बाहेर गेला. मग बिलासोबत मीटरच्या पोटातली नोंद जोडल्याशिवाय बिल पास नाही अशी अट लेखा विभागाच्या एका समजदार अधिकाऱ्याने घातली, तेव्हापासून जातो. नुसता चालू करून गाडीत ठेवतात का? ठेवत असतील. नोंदीत दिवसभर सपाट शून्य दिसलं की मी फोन करते.

तर घेणार असाल तर घ्या. फक्त टेंडर लिहिताना यंत्राच्या तांत्रिक बाबींवर दोन पानं खर्च करण्याऐवजी अर्धं पान यावर खर्च करा: माल पोचेल त्या दिवशी सेन्सरची तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी नसावी, वॉरंटी ताबा घेतल्याच्या दिवसापासून, पाच वर्षांचे सेन्सर, फिल्टर आणि गॅसचे सिलिंडर त्याच किमतीत, टप्प्याटप्प्याने पुरवायचे, कॅलिब्रेशन आमच्या जागेवर, आमच्या माणसासमोर. सिलिंडर उपभोग्य वस्तू आहे हे टेंडरमध्येच लिहा, म्हणजे माझ्यासारखी तीन पत्रं लिहावी लागणार नाहीत. पेसोची (स्फोटकं आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) मान्यता मागा, म्हणजे ज्वलनशील वायूत वापरायला चालणारं यंत्र मिळेल. पाण्या-धुळीपासून संरक्षणाची आयपी ६७ पुरे. ब्लूटूथ, मोबाइल ॲप, नकाशावर चेंबर दाखवणारं सॉफ्टवेअर यांचे पैसे देऊ नका. आम्ही ॲपचे पैसे दिले. पासवर्ड ज्याच्याकडे होता त्याची बदली झाली. आणि मार्चमध्ये माल घेऊ नका. घ्यावाच लागला तर तपासणी समितीची तारीख आधी ठरवा, मग पुरवठ्याचा आदेश काढा.

मीटरला पाचपैकी चार. एक गुण क्लिपेचा आणि फिल्टरचा मिळून कापला. पुरवठादाराच्या सेवेला दोन, तेही खुर्ची टाकून बसल्यावर. आमच्या खरेदीच्या पद्धतीला गुण देत नाही, माझं सर्व्हिस बुक त्यांच्याच कपाटात आहे.

मागच्या आठवड्यात दुसरी खेप आली, आठ मीटर. या वेळी ताबा घ्यायला मी अण्णांना भांडारात नेलं. भांडारपाल म्हणाले, यांचं काय काम? अण्णांनी खोकी उघडली. यंत्र चालू केलं नाही, पडद्याकडे बघितलंही नाही. एकेक मीटर उलटा केला, चष्मा कपाळावर सारला आणि मागच्या स्टिकरवरची तारीख नखाने घासून वाचली. सात बाजूला ठेवले. आठवा पुन्हा खोक्यात घातला आणि खोकं भांडारपालांकडे सरकवलं.

"हा मागच्या वर्षीचा आहे साहेब. परत पाठवा."